चांदी वितळली, मशीन उरलं

आमचे विट्याचे मेहुणे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या धंद्यात आहेत. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं याच धंद्यावर उभी आहेत. देशभर कुठल्या ना कुठल्या गावात सोन्याचांदीची भट्टी टाकून बसलेला माणूस भेटला, की त्याचं मूळ गाव विचारा, उत्तर आमच्या सांगली जिल्ह्यातलंच निघतं. मेहुणे दिवाळीला गावी येतात तेव्हा माझ्यासाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणतात. आत कापसात गुंडाळलेली घड्याळाची मशीनं. आजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ लोक मोडीत घालतात, केस, म्हणजे बाहेरची डबी, काढून तराजूवर जाते, चांदी भट्टीत जाते, आणि मशीन पितळ-पोलादाचं म्हणून कोपऱ्यात पडतं. पूर्वी ती सगळी भंगारात जायची. एकदा मी मेहुण्यांवर चक्क ओरडलो, तेव्हापासून डबा सुरू झाला.

मी सांगलीत घड्याळं दुरुस्त करतो. मारुती रोडच्या बाजूला दुकान, वडिलांनी टाकलेलं, टेबलही त्यांचंच. गेली आठ-नऊ वर्षं दुरुस्तीच्या जोडीला अशा पोरक्या मशीनना नवी केस आणि नवी डायल करून मनगटी घड्याळं बनवतोय. वर्षाला चार-पाच होतात. तरुण पोरं शिकायला येतात, त्यांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी एक अट. चांगलं, पुरं, चालू घड्याळ मोडून त्यातलं मशीन काढायचं नाही. वडिलांची एचएमटी ‘जनता’ घेऊन कोणी आला आणि म्हणाला, ‘मामा, ह्याला स्टीलची मोठी केस करा,’ तर मी सर्व्हिसिंग करून, काच बदलून, तीच त्याच्या हातात परत देतो. आपल्याला हवीत ती ज्यांचं घर आधीच गेलंय अशी मशीनं. गलाईवाल्यांकडची एक झाली. दुसरी क्रोम मुलामा दिलेल्या पितळी केसमधली: पंधरा-वीस वर्षं घाम बसला की मुलामा उडतो, कान झिजतात, पट्ट्याची पिन धरत नाही, पण आतलं मशीन ठणठणीत असतं. सांगलीत मार्केट यार्डातल्या हमालांची घड्याळं उघडली की काचेच्या कडेखाली पिवळी रेघ दिसते. हळद. केसचा पार चोथा झालेला असतो आणि मशीन टिकटिकत असतं.

पुरातल्या मशीनच्या नादाला मात्र शक्यतो लागू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माझ्या दुकानात खालचे दोन्ही खण बुडाले. आत ठेवलेली गिऱ्हाइकांची घड्याळं चिखलातून काढली. पाणी ओसरल्यावर लोकांनी घड्याळं उन्हात वाळवली, तांदळात पुरली, आणि मग माझ्याकडे आणली. तोवर चावीच्या दांडीभोवतीचे पोलादी भाग गंजून एकजीव झालेले. ज्यांची मशीनं मी त्याच दिवशी उघडून पेट्रोलमध्ये टाकली तीच तेवढी वाचली. चाकाच्या टोकावर, म्हणजे पिव्हटवर, गंजाचा खड्डा दिसला की ते मशीन सुट्या भागांच्या डबीत टाका.

कोणतं मशीन निवडायचं

पहिल्यांदाच करत असाल तर एचएमटी घ्या. अभिमान वगैरे नंतर, आधी सोय बघा. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बेंगळुरूला घड्याळं काढायला सुरुवात केली आणि पुढं दर घरात एक तरी एचएमटी आलं. घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला, पण मशीनं अजून पोत्यानं आहेत. जनतामध्ये असतं ते चावीचं मशीन १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे ज्यांत चाकांची टोकं फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोक्यांचं, आणि बॅलन्सला, म्हणजे मागंपुढं झुलून वेळ धरणाऱ्या चाकाला, पॅराशॉक, म्हणजे धक्का सोसणारी स्प्रिंगवाली बैठक. तुमच्या हातून काही मोडलं तर दुसऱ्या मेलेल्या एचएमटीमधून तोच भाग मिळतो. शिकणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे?

खिशातल्या घड्याळाची मशीनं दिसायला देखणी, पण त्यांच्यात फसवणूक फार. डब्यातल्या दहातली सहा तरी सिलिंडरची निघतात. ओळखायची कशी? बॅलन्सखाली बघा. लिव्हर, म्हणजे दोन लाल खड्यांचा तो छोटा नांगर, दिसला तर ठीक. लिव्हरच नसेल आणि शेवटच्या चाकाचे दात वर उचललेल्या हुकांसारखे थेट बॅलन्सच्या दांड्यात घुसत असतील, तर ते सिलिंडर. ‘१० रुबी’ असं कोरलंय म्हणून भुलू नका. सिलिंडर झिजलेला असतो, वेळ धरत नाही, नवा बनवणारा माणूस मिळत नाही. आतल्या नक्षीवर जीव जडला तर काचेखाली ठेवून बघा, मनगटावर नको.

अमेरिकन खिशातल्या मशीनमध्ये आणखी एक गंमत असते: बऱ्याच मशीनची चावीची दांडी मशीनमध्ये नसून केसमध्ये बसवलेली असते. केस वितळली म्हणजे चावीची यंत्रणाही वितळली. ते मशीन हातात घेऊन तुम्ही दांडी शोधत बसाल.

आणि धक्क्याचं लक्षात ठेवा. इन्काब्लॉकसारखी धक्कारोधक बैठक आली १९३० च्या दशकात. त्याआधीच्या खिशातल्या मशीनच्या बॅलन्सचं टोक जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड, आणि त्याला काहीच आधार नाही. खिशात, साखळीला, ते निवांत होतं. तेच मनगटावर बांधून पेठ रस्त्यानं बुलेटवरून निघालात तर इस्लामपूर यायच्या आत टोक मोडेल. अशी घड्याळं मी लग्नाकार्यात घालायला म्हणूनच देतो आणि तसं तोंडावर सांगतो.

उघडण्याआधी

मेन स्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर भरते ती, सैल करा. हे मी माझ्या सोळाव्या वर्षी विसरलो होतो. वडील जेवायला गेलेले, मी भरलेल्या स्प्रिंगच्या मशीनचा लिव्हरचा पूल, म्हणजे त्याला वरून धरणारी पट्टी, काढला. सगळी चाकं भर्रकन फिरली, एका चाकाचे तीन दात उडाले. वडिलांनी काही बोलायच्या आत मीच रडायला लागलो. तर, चावी बोटात घट्ट धरायची, किंचित पुढं फिरवायची, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसलं छोटं कुत्रं बॅरलवरच्या (स्प्रिंगच्या डबीवरच्या) चाकापाशी असतं ते चिमट्यानं मागं ओढून धरायचं, आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सुटू द्यायची. शेवटपर्यंत. अर्ध्यात सोडायची नाही.

मग दांडी. चावीच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो एक-दीड फेरा सैल केला की दांडी ओढून निघते. पूर्ण काढलात तर डायलखालचा दांडी धरणारा लिव्हर (बॅलन्सखालचा नव्हे, हा वेगळा) सुटून खाली पडतो आणि डायल उतरवून अर्धा तास तो शोधत बसावं लागतं.

जुन्या केसमधून मशीन काढताना कडेचे दोन स्क्रू नीट बघा. काहींचं डोकं अर्धं कापलेलं असतं, अर्ध्या चंद्रासारखं. ते काढायचे नसतातच. अर्धा फेरा दिला की कापलेली बाजू केसकडे येते आणि मशीन मोकळं होतं. नवी केस करताना हेच स्क्रू पुन्हा उपयोगी पडतात, म्हणून डबीत वेगळे ठेवा.

सफाईचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर खूप जणांनी लिहिलंय. पांढरं पेट्रोल, मऊ ब्रश, टोकदार लाकडी काडीनं प्रत्येक खड्याचं भोक. खिडकी उघडी ठेवा आणि उदबत्ती विझवा. दुकानात गणपतीसमोर ती असतेच. लिव्हर मात्र स्पिरिटमध्ये टाकायचा नाही. त्याचे लाल खडे लाखेनं चिकटवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. पेट्रोलमध्ये चालतो. मेन स्प्रिंग निळ्या पोलादाची असेल तर बदला, ती एकदा ढिली पडली की पुन्हा जोर येत नाही. जुनीची उंची, जाडी, लांबी मोजून नवी पांढऱ्या धातूची आणा. बोटानं बॅरलमध्ये भरू नका, ती शंकूसारखी वर येते आणि झाकणाला घासते. वाइंडर, म्हणजे स्प्रिंग गुंडाळून आत घालायचं हत्यार, नसेल तर कोणाकडून मागून आणा.

तेलाचं: बॅरल आणि चावीच्या भागांना जाड, चाकांच्या आणि बॅलन्सच्या खड्यांना पातळ. मी मोबियसचं ९०१० वापरतो, लिव्हरच्या खड्यांच्या टोकाला ९४१५. लिव्हरच्या पिव्हटला तेल नाही म्हणजे नाही. थेंब इतका, की खड्याच्या वाटीत गोल कडं दिसावं आणि वाटी भरू नये. शिलाई मशीनचं तेल घालणारे कारागीर मी पाहिलेत. वर्षभरात त्याचा डिंक होतो.

माप

इथं घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. मशीन जसं आहे तसंच राहणार. त्याला कुरतडून केसमध्ये बसवायचं नाही. केस त्याच्या मापाची होणार. त्यामुळे आधी माप, मग चित्र, मग कुपवाडच्या एमआयडीसीतला लेथ.

गेल्या वर्षी केलेल्या एका घड्याळाचीच मापं सांगतो. मशीन डब्यातलं, बाईच्या गळ्यातल्या छोट्या चांदीच्या घड्याळाचं, १५ ज्वेलचं लिव्हर. व्यास २९.३ मिलिमीटर. घड्याळवाले जुन्या फ्रेंच मापात बोलतात, लीन्यमध्ये. एक लीन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. तेरा लीन्य केले की २९.३३ येतात, म्हणजे हे तेरा लीन्यचं. असं जुळलं की आपण नीट मोजलंय याची खात्री पटते. बहुतेक मशीनला खाली थोडी अरुंद आणि डायलच्या बाजूला थोडी रुंद अशी पायरी असते. दोन्ही व्यास लिहा आणि पायरीची उंचीही.

आता चावीच्या दांडीची उंची. डायल काढा, मशीन डायलची बाजू वर करून धरा, दांडी आत असू द्या. डायल जिथं टेकते त्या कडेपासून दांडीच्या वरच्या पाठीपर्यंत व्हर्नियरच्या शेपटीनं खोली मोजा. माझ्या मशीनची १.०५ आली. दांडी १.२० जाड. तिचं अर्धं ०.६० मिळवलं की दांडीचा मध्य डायलच्या बैठकीपासून १.६५ खाली. नव्या डायलची जाडी ०.४०. ती धरली की डायलच्या वरच्या तोंडापासून दांडीचा मध्य २.०५.

ते ०.४० मी पहिल्या केसच्या वेळी विसरलो. केस डायलच्या वरच्या तोंडावर टेकणार होती आणि मी कागदावर १.६५ लिहिलं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या पोरानं कागदावर होतं तेच, केसाच्याही फरकाशिवाय केलं. केस चकाचक आली, मशीन आत बसलं, डायल बसली, आणि दांडी भोकातून आत जाईना. भोक चार दशांश वर. हे फुकाचं भोक आता माझ्या टेबलावर आहे. त्या केसमध्ये मी स्क्रू ठेवतो, येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराला दाखवतो.

जाडीचा हिशेब असा जमतो. काच १.२, डायलपासून काचेपर्यंत २.० (मिनिटकाट्याचं टोक डायलपासून १.५ वर, त्यावर अर्धा मिलिमीटर मोकळा), डायल ०.४, मशीन ४.६, खाली मोकळी जागा ०.४, झाकण १.२. बेरीज ९.८. दहा मिलिमीटरच्या आत आलं तर शर्टाच्या बाहीखाली जातं. मशीन आणि झाकणाच्या मधली जागा कमी करायचा मोह होतो. करू नका, मनगटाच्या दाबानं झाकण वाकतं आणि बॅलन्सच्या पुलाला टेकतं.

केस

स्टील ३१६ एल. पितळ स्वस्त आणि लेथला मऊ, पण मुलामा उडाला की आपण जिथून निघालो तिथंच परत. पट्ट्याच्या कानांसकट एकाच तुकड्यातून केस काढायची तर एका कानाच्या टोकापासून तिरकस समोरच्या कानाच्या टोकापर्यंत मोजा आणि त्याहून थोडा जाड राऊंड बार घ्या. गोल काम सीएनसी लेथवर, कान व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर. झाकणाला बारीक आटे, ०.५ पिचचे, आणि ओ-रिंगसाठी खाच. चित्र हातानं काढलं तरी चालेल, पण प्रत्येक मापापुढं किती कमी-जास्त चालेल ते लिहा. मशीन बसतं त्या ठिकाणी मी ०.०३ लिहितो, बाहेरच्या व्यासाला ०.१. सगळीकडे ०.०३ लिहिलंत तर तो तुमच्याकडे बघून हसेल आणि दर दुप्पट सांगेल. हसू द्या, पण दर द्यावा लागतो.

पैशाचं सांगायचं तर एकच केस करून घेणं महागात पडतं. सगळा वेळ लेथ लावण्यात जातो. पहिली मला चार हजारांना पडली. पुढं एकाच मापाच्या एचएमटीच्या पाच केस एकदम केल्या, त्या सोळाशेला एक.

मशीन आणि केसच्या मध्ये एक कडं लागतं. मी पितळेचं करतो. प्लास्टिकचं, डेल्रिनचं, पण चालतं. त्या कड्यात मघाचे अर्धचंद्राचे स्क्रू धरतील अशी खाच काढली, की मशीन हलत नाही. मशीन कड्यात किंचित जरी फिरलं तरी चावी देताना सगळा ताण दांडीवर येतो आणि ती मोडते.

काचेसाठी मी अजून प्लास्टिकची घुमटी काच वापरतो. नीलमणी काच ओरखडत नाही हे खरं, पण जुन्या मशीनवर ती आरशासारखी कोरडी दिसते. प्लास्टिकवर ओरखडा आला तर बोटावर टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटं चोळा, गेला.

डायल आणि काटे

खिशातल्या बहुतेक घड्याळांत चावी वर, बारावर असते आणि सेकंदाचा छोटा काटा सहावर. तेच मशीन मनगटावर आणताना चावी तीनवर येते, मग छोटा काटा आपोआप नऊवर जातो. लोकांना वाटतं यात काहीतरी जुळणी करावी लागते. नाही. मशीनला बारा कुठं आहेत ते माहीतच नसतं, ते डायलवर ठरतं. नवी डायल नव्वद अंश फिरवून आखायची, झालं. मात्र याच कारणानं जुनी डायल वापरता येत नाही. तिचे पाय ठरलेल्या जागी असतात, आकडे आडवे पडतात.

डायलचा पत्रा मी हुपरीहून आणतो. तिथले चांदीचे कारागीर पत्रा असा एकसारखा ओढतात की पॉलिशची गरजच पडत नाही. अर्थात सगळ्यांना चांदी परवडेल असं नाही, ०.४ चं पितळही उत्तम. पायांची जागा जुन्या डायलवरून घ्यायची. जुनी डायल नव्या पत्र्यावर पाठीला पाठ लावून ठेवली, की पाय नव्या पत्र्यावर टेकतील, पण खूण उलटी पडेल. म्हणून आधी कागदावर तिचे पाय टोचून घ्या, कागद उलटा करून नव्या पत्र्याच्या पाठीवर चिकटवा. हे समजायला मला दोन पत्रे लागले. पाय तांब्याच्या तारेचे, डागून बसवायचे, आणि रंग, आकडे सगळं त्यानंतर. आधी रंगवून मग डाग दिलात तर रंगावर फोड येतात. चांदी उघडी ठेवली तर काळी पडते, वर पातळ लॅकर मारा.

डायलवर नाव कोणाचं घालायचं? तुमचं घाला, गावाचं घाला, कोरी ठेवा. जुन्या स्विस कंपनीचं किंवा एचएमटीचं नाव नव्या डायलवर छापू नका. मुंबईहून रंगीबेरंगी डायलची, कुठल्याही मशीनवर कुठलंही नाव असलेली घड्याळं वर्षानुवर्षं विकली जातात. मी ती दुरुस्तीला घेतो, पोटासाठी घ्यावीच लागतात, पण तसं घड्याळ करून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ टाकणं.

काटे जुने वापरायचे असतील तर एक गोष्ट आधी तपासा. १९६० च्या आधीच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर आणि आकड्यांवर तपकिरी, खपलीसारखा लेप असेल तर तो रेडियम असण्याची शक्यता मोठी. तो आता चमकत नाही म्हणून संपला असं समजू नका. चमकणारं जस्ताचं संयुग मरतं. रेडियम निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. खरवडू नका, फुंकर मारू नका, ब्रश लावू नका. त्याची धूळ पोटात, छातीत जाणं हाच खरा धोका. असे काटे-डायल मी झिपच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवतो आणि नवे काटे लावतो.

नव्या काट्याचं भोक नेहमी थोडं लहानच घ्या. निमुळत्या ब्रोचनं (भोक कोरून मोठं करायच्या सळईनं), दोन बोटांत फिरवत, थोडं थोडं मोठं करत दर वेळी बसवून बघा. मोठं झालंच तर भोकाची नळी हलक्या हातानं ठोकून आवळता येते, पण ते एकदाच. दोन्ही काटे बरोबर बारावर एकावर एक लावा, मग चावीनं पूर्ण बारा तास फिरवा. डोळे डायलच्या पातळीला आणून बाजूनं बघा: तासकाटा डायलपासून, मिनिटकाटा तासकाट्यापासून, आणि मिनिटकाटा काचेपासून, सगळीकडे उजेड दिसला पाहिजे. छोटा सेकंदकाटा तासकाट्याखाली असतो, त्याच्याशी तासकाटा एकदा तरी अडतोच. नऊच्या आसपास जपून.

लावणी

केसमध्ये घालण्याआधी मशीन टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवा. हल्ली चिनी टाइमग्राफर परवडतो. त्यात लिफ्ट अँगल नावाचं एक माप भरावं लागतं, मशीनप्रमाणे बदलतं. यंत्रात मुळात ५२ अंश असतात, पण युनिटास ६४९७ या स्विस मशीनला ४४ लागतात. चुकीचं भरलं तर वेळ बरोबर दिसतो, झोका, म्हणजे बॅलन्स किती अंश फिरतो ते, मात्र खोटा. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून, झोका २७० ते ३०० अंश हा नव्या मशीनचा हिशेब. साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं २४० दिले तरी मी हात जोडतो. २०० च्या खाली असेल तर नियामकाशी, म्हणजे घड्याळ पुढं-मागं करायच्या काट्याशी, खेळत बसू नका, परत खोला. कुठंतरी घाण, कुठंतरी झीज. डायल वर, डायल खाली, आणि चावी खाली, अशा तीन बाजू तरी बघा.

बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉकमधला फरक, एक मिलिसेकंदच्या आत आला की थांबा. नव्या मशीनमध्ये एक छोटा हात सरकवून तो कमी करता येतो. जुन्यात बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगचं, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचं, कडं दांड्यावर अगदी किंचित फिरवावं लागतं. ते करताना श्वास रोखायचा, आणि संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी तर करायचंच नाही. मी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाईक यायच्या आत करतो. मशीन अचानक दिवसाला दोन-चार मिनिटं पुढं पळायला लागलं तर आधी चुंबक उतरवा. मोबाईलच्या स्पीकरजवळ ठेवलेली पोलादी हेअरस्प्रिंग हमखास चुंबकते.

केस बंद करून एक सोपी परीक्षा. घड्याळ बल्बखाली कोमट होऊ द्या, मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभरानं पुसा. काचेच्या आतून वाफेचा ठिपका दिसला तर आत ओल आहे, उघडून कोरडं करा आणि रिंग तपासा. नाही दिसला तरी गिऱ्हाइकाला ‘वॉटरप्रूफ’ म्हणायचं नाही. हात धुताना काढा, कृष्णेत पोहायला जाताना तर घरीच ठेवा.

झाकण लावायच्या आधी आतल्या बाजूला मी सुईनं तारीख आणि ‘मशीन जुनं, केस-डायल नवी’ एवढं कोरतो. जुन्या केसच्या आत प्रत्येक कारागिरानं अशाच बारीक खुणा कोरलेल्या असतात. मेहुण्यांना आता सांगून ठेवलंय, केस भट्टीत टाकण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूचा मोबाईलवर एक फोटो काढायचा. मागच्या डब्यासोबत अकरा फोटो आले. त्यातल्या एका झाकणात चार वेगवेगळ्या हातांच्या खुणा होत्या. त्या मी नव्या झाकणात, माझ्या खुणेच्या वर, तशाच उतरवल्या.

देताना सांगा: रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, अडली की थांबा, जोर लावू नका. आणि पंधरा दिवसांनी परत आणा. टेबलावर बरोबर चालणारं घड्याळ त्या माणसाच्या मनगटावर वेगळंच चालतं, कोण उशीखाली ठेवतो, कोण खिळ्याला टांगतो. रात्री कसं ठेवता ते विचारा आणि त्याप्रमाणे नियामक अगदी किंचित सरकवा. पैसे घेऊ नका त्याचे.